झाडण्याआधी अर्धा तास

त्या वर्षी डोंगरातला बांबू फुलला.
म्हातारे म्हणाले, साठ-साठ वर्षं थांबतो,
फुलला की मरतो,
आणि मरता मरता उंदरांना जेवू घालून जातो.
लांब शेपटीचे, मुठीत मावतील एवढे,
डोळे मात्र केवढे!

थंडी सरली तशी मी आणि माझा दीर आबेल
बंद शेडचं दार ढकलून आत शिरलो.
जुनं गवत, लोकरीचे गठ्ठे,
मागच्या सालच्या बटाट्यांची कोंब फुटलेली पोती.
मी झाडू घेतला, त्यानं फावडं.
कवडशात धूळ तरंगायला लागली, हळूहळू, पिवळीधमक.
मी म्हणाले, बघ रे, किती छान.

हे वाक्य डॉक्टरांना सांगितलेलं नाही.

सतराव्या दिवशी ताप. अंग ठेचून काढल्यासारखं.
कोयाइकेच्या इस्पितळात एक रात्र,
मग विमान,
मग काहीच नाही.
पुढचं लेकीकडून ऐकलं:
अकरा दिवस माझं रक्त बाहेर काढून
यंत्रात त्याला श्वास देत होते
आणि परत आत सोडत होते.
मला आठवतं ते इतकंच,
मी नदीच्या तळाशी आहे,
वर बर्फावरून कुणी चालतंय
आणि मला हाक मारतंय, नोल्फा, नोल्फा,
पण आडनाव दुसऱ्याच कुणाचं.

आबेल विमानापर्यंत पोचलाच नाही.

घरी आले ती एक्केचाळीस किलोंची.
केस उशीवर राहायचे, मी उठायची.
खुराड्यापर्यंत चौतीस पावलं,
मध्ये दोनदा कुंपण धरायचं.
कोंबड्यांनी ओळखलं. कुत्र्यानं जरा वेळ लावला.
गाव म्हणालं, बाईच्या जिवावरचं बोटावर निभावलं.
खरंय.
उजव्या पायाची दोन बोटं अजून बधिर आहेत.

ओस्वाल्दो दर शनिवारी लाकडं फोडून आणतो,
फाटकाबाहेर रचतो, नीट, सालीची बाजू वर,
शिट्टी वाजवतो, हात हलवतो
आणि आत न येता जातो.

आमच्याकडे येर्बाचा एकच भोपळा असतो,
एकच नळी, सगळ्यांच्या तोंडून फिरणारी.
ती पुसायची नसते. पुसणं म्हणजे अपमान.
आता माझ्याजवळ येता येता ती माघारी वळते
आणि माझ्यापुढे कप येतो.
निळ्या फुलांचा, पाहुण्यांसाठीचा.
कुणी वाईट बोलत नाही.
डॉक्टरीणबाईंनी सहीशिक्क्याचा कागद दिलाय,
माझ्यापासून आता कुणाला धोका नाही.
तो फ्रिजवर लावलाय.
लोक वाचतात, मान डोलावतात,
आणि कप पुढे करतात.

मार्चमध्ये इर्मा आली. आबेलची बायको.
दफनाला मी नव्हतेच, त्यानंतरची ही पहिली भेट.
ओला कोट न काढताच चुलीशी बसली.
मी कपाटातून दोन कप काढले.
तिनं कपांकडे पाहिलं. मग फळीवरच्या भोपळ्याकडे.

भरणारीनं पहिला घोट घ्यायचा, असा रिवाज.
मी घेतला.
आणि भोपळा तसाच धरून बसले,
पुढे करू की नको, पुढे करू की नको.
तिनं तो हातातून काढूनच घेतला.
नळी पुसली नाही.
ओढली, तोंड वाकडं केलं:
"पाणी उकळवलंस. पाला करपला."

सात फेऱ्या झाल्या. चुलीत तीनदा लाकूड घातलं,
तिसरं तिनं घातलं.
आबेलचं नाव कुणीच काढलं नाही.

उठताना म्हणाली,
"त्याचं जाकीट शेडमध्ये असेल ना, खिळ्याला."
होतंच. ते असणार हे मला रोज माहीत होतं.

दोन्ही दारं सताड उघडली.
क्लोरीनची बादली, हातमोजे, तोंडाला मास्क.
कागदावर लिहिलंय, आधी वारा जाऊ द्या, अर्धा तास,
मग पाणी शिंपडा, मग पुसा. झाडायचं नाहीच.
एवढंसं होतं ते सगळं.

आम्ही दोघी बाहेर उभ्या राहिलो.
आत कवडसा पडला, आणि त्यात ती,
तशीच, पिवळीधमक.
मी काही म्हणाले नाही.
इर्मा घड्याळ बघत होती.
अजून बावीस मिनिटं.